इलेक्ट्रिक कार आणि साचलेले पाणी: कुठपर्यंत जावे, कुठे थांबावे आणि नंतर काय तपासावे

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहणाऱ्या आणि रोज नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत नोकरीला जाणाऱ्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांनी यंदा पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक कार घेतली. गाडी घेताना शोरूममध्ये त्यांना तीन गोष्टी सांगण्यात आल्या: बॅटरी आयपी ६७ दर्जाची आहे, इंजिनच नसल्यामुळे ही गाडी पाण्यात बंद पडत नाही, आणि गुडघाभर पाण्यातूनही ती सहज निघते. हे कितपत खरे मानावे, पाण्यात विजेचा धक्का बसण्याची भीती किती, आणि पाण्यातून गाडी काढल्यावर तिचे नेमके काय करावे, असे त्यांचे विचारणे आहे.

मी अनेक वर्षे वाहनांच्या वीजयंत्रणेचे काम करतो. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कार्यशाळेत आता पावसाळ्यात इलेक्ट्रिक गाड्याही मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे या विषयावर जरा विस्ताराने लिहितो. शोरूममधल्या तीन विधानांपैकी पहिले खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसरे अजिबात मानू नये.

आधी दुसरे विधान घेऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन हवा ओढते. हवा ओढणारी नळी पाण्याखाली गेली की सिलिंडरमध्ये पाणी शिरते, पाणी दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पुढचे कित्येक दिवस आमच्या धंद्यातली माणसे अशीच इंजिने खोलत होती. इलेक्ट्रिक मोटरला हवा लागत नाही, म्हणून हा विशिष्ट बिघाड तिला होत नाही, हे बरोबर आहे. पण पेट्रोलची गाडी पाण्यात बंद पडते तेव्हा ती चालकाला तिथल्या तिथे थांबवते, पुढच्या खोल पाण्यात जाऊ देत नाही, आणि काय बिघडले ते त्याच दिवशी कळते. इलेक्ट्रिक कार थांबत नाही. ती मुकाट्याने पुढे जाते, पलीकडे निघते, दुसऱ्या दिवशी कामावरही नेते, आणि बिघाड दोन-तीन आठवड्यांनी, कधी गणपतीच्या सुमारास, असा समोर येतो की त्याचा त्या दिवशीच्या पाण्याशी संबंध आहे हे मालकाला पटतही नाही. त्यामुळे गाडी स्वतःहून थांबेल या भरवशावर न राहता मर्यादा चालकाने आधीच ठरवून ठेवली पाहिजे. माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

आता आयपी ६७ कडे येऊ. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात हा दर्जा दिलेला आहे. त्यातला सहा म्हणजे आत धूळ अजिबात जात नाही, आणि सात म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत तीस मिनिटे बुडवून ठेवले तरी घातक ठरेल एवढे पाणी आत शिरत नाही. पण ही चाचणी स्थिर, स्वच्छ, गोड्या पाण्यात होते, नव्या नमुन्यावर होते, आणि पाण्याचे व नमुन्याचे तापमान यांत पाच अंशांहून अधिक फरक असू नये अशी तिची अट आहे. जोराने आदळणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यासाठी वेगळे आकडे आहेत आणि सात या आकड्यात ते धरलेले नाहीत. शिवाय हा दर्जा बॅटरी पॅकचा असतो, संपूर्ण गाडीचा नव्हे.

तापमानाच्या अटीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण आपल्या रोजच्या वापरात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. महाप्याहून निघून तासभर वाहतुकीत चालवलेल्या गाडीची मोटर आणि गिअरबॉक्स चांगलेच तापलेले असतात, आणि समोरचे पावसाचे पाणी त्या मानाने बरेच थंड असते. तापलेली बंद पेटी एकदम थंड पाण्यात गेली की आतली हवा आकुंचन पावते, आत ओढ निर्माण होते, आणि एखादे सील जरासे जरी कडक झालेले असले तरी तिथून पाणी आत खेचले जाते. हवेचा दाब समान राहावा म्हणून गिअरबॉक्सला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर होण्याची नळी, आणि बॅटरी पॅकला पडद्याची झडप असते. ती पाण्याच्या वर असेपर्यंत काम चोख होते, पण तीच पाण्याखाली गेली तर ओढीचा सगळा भार सीलवर येतो. डीसी फास्ट चार्जरवरून नुकतीच काढलेली, पॅक तापलेली गाडी थेट पाण्यात घालणे हे म्हणून सर्वांत वाईट. पाण्याच्या अलीकडे दहा-पंधरा मिनिटे थांबता आले तर अवश्य थांबावे. तेवढ्या वेळात पुष्कळदा पाणीही उतरते.

असे असूनही, पॅकची बांधणी चांगली असते हे मी मोकळेपणाने सांगेन. खालून ठोकर न लागलेल्या पॅकमध्ये रस्त्यावरच्या पाण्याने शिरकाव केल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. पण घोडबंदरचे खड्डे आणि सोसायट्यांच्या दारांतले उंच गतिरोधक पाहता, खालून ठोकर न लागलेला पॅक असे गृहीत धरता येत नाही. पावसाळ्याआधी गाडी एकदा लिफ्टवर घेऊन पॅकच्या तळाचा पत्रा, त्याच्या कडेचे बोल्ट आणि सीलची रेघ नीट पाहून घ्यावी. पत्र्याला पोचा असेल तर त्या गाडीसाठी आयपी ६७ हा आकडा विसरून जावा.

मोठा खर्च निघतो तो बहुधा पॅकबाहेरच्या गोष्टींवर. बारा व्होल्टची साधी बॅटरी, पुढचा रेडिएटर पंखा, चाकांची बेअरिंगे, चाकांचे वेग मोजणारे सेन्सर, पार्किंग सेन्सर, आणि मुख्य म्हणजे पायाखालच्या गालिच्याखालून जाणारी वायरिंग व सीटखालचे कनेक्टर, यांतल्या बऱ्याच गोष्टी पाण्यात बुडून राहण्यासाठी केलेल्याच नसतात. एक उदाहरण देतो. एअरबॅगचा दिवा विझत नाही अशी तक्रार घेऊन एक गाडी आली. वरून गालिचा कोरडा होता, गाडीत वास नव्हता, आणि मालकाच्या म्हणण्याप्रमाणे गाडी पाण्यातून गेली होती ती महिन्यापूर्वी, तीही जेमतेम दाराच्या खालच्या कडेपर्यंत. गालिचा उचलला तेव्हा त्याखालच्या जाड फोममध्ये पाणी तसेच होते. अंगठ्याने दाबल्यावर ते वर आले आणि त्याला नाल्याचा वास होता. सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवला तर दोन पिनांवर हिरवा कळंक चढलेला होता आणि तिसऱ्या पिनेचे फक्त मूळ शिल्लक होते. ज्या पिनेवर विजेचा सतत धन दाब (व्होल्टेज) असतो आणि शेजारी ऋण पिन असते, ती ओलाव्यात राहिली की विद्युत विघटनाने तिचा धातू हळूहळू झिजून जातो. पाणी जितके घाण, तितका वेग जास्त. बॅटरी पॅक शाबूत, मोटर शाबूत, आणि तरीही त्या मालकाला अर्धी आतली वायरिंग बदलावी लागली.

आता गुडघाभर पाण्याचे विधान. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण सहा चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढणारे दर दहा सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे सहाशे किलो वजनाइतके वर उचलते. गाडीचे वजन दीड टन असेल तर तळावर पंचवीस सेंटिमीटर पाणी चढताच, आत पाणी शिरलेले नसल्यास, ती तरंगण्याच्या बेतात येते. जमिनीपासून तळाची उंची वीस सेंटिमीटरच्या आसपास धरली तर ही एकूण पातळी पंचेचाळीस सेंटिमीटर होते, आणि मोठ्या माणसाचा गुडघा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. म्हणजे गुडघाभर पाण्यातून गाडी सहज निघते हे म्हणणे चुकीचे आहे, कारण त्या पातळीला टायरची पकड जवळपास संपलेली असते आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. इलेक्ट्रिक गाडी जड असते म्हणून ती रस्त्याला धरून राहील असे पुष्कळांना वाटते. ती त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते खरी, पण तिचा तळ सपाट आणि बंदिस्त असतो, आणि पॅकचे सगळे आकारमान पाणी बाजूला सारते, त्यामुळे वजनाचा फायदा वाटतो तेवढा उरत नाही. पाणी वाहते असेल तर गणित आणखी बिघडते. वाहत्या पाण्याची तीस सेंटिमीटर खोली लहान गाड्या वाहून नेऊ शकते आणि साठ सेंटिमीटर खोली बहुतेक वाहनांना पुरते, असा इशारा अमेरिकेची हवामान सेवा तिथल्या लोकांना देते. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे नाले घोडबंदर रस्ता ओलांडून खाडीकडे जातात. जोराच्या सरीत त्यातल्या एखाद्याचे पाणी रस्त्यावरून आडवे वाहताना दिसले, तर ते कितीही उथळ वाटले तरी त्यात गाडी घालू नये.

खोली मोजण्यासाठी तुमच्या पुढच्या गाडीचे चाक पाहावे. सोळा इंची रिमच्या नेहमीच्या टायरवर रिमची खालची कड जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर येते आणि चाकाचा मध्य तीस सेंटिमीटरच्या थोडा वर. पाणी रिमच्या खालच्या कडेपर्यंत असेल तर सावकाश जायला हरकत नाही. त्याच्या वर आणि चाकाच्या मध्याच्या खाली असेल, तर रस्ता रोजच्या पायाखालचा असेल, पलीकडचा कोरडा भाग नजरेत असेल आणि मागे फिरणे खरोखर शक्य नसेल तरच जावे. चाकाच्या मध्याला पाणी लागले की थांबावे. फुटपाथचा किंवा दुभाजकाचा कठडाही चांगली खूण आहे. फुटपाथची कड साधारण पंधरा सेंटिमीटर उंच असते, ती दिसेनाशी झाली की तुमची सुरक्षित मर्यादा संपत आली असे समजावे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाण्यातून जाण्याची कमाल खोली दिलेली असते. ती मॉडेलप्रमाणे बदलते, आणि ती सावकाश चालवताना शांत पाण्यात मोजलेली पातळी असते. समोरून टीएमटीची बस किंवा जेएनपीए बंदराकडून येणारा कंटेनर गेला की जी लाट येते, ती या आकड्यात धरलेली नसते. माझी स्वतःची मर्यादा म्हणून पुस्तिकेतल्या आकड्याच्या बरीच खाली असते.

तुमच्या मार्गाबद्दल स्पष्ट बोलतो. कासारवडवलीहून माजिवडा, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली आणि मग महापे हा मार्ग अंतराने सरळ आहे, पण विटाव्याला रेल्वेखालच्या रस्त्यावर पाणी साचते हे ठाणेकरांना सांगायला नको. अशा भुयारी रस्त्याचा आकार मधोमध खोल असतो. कडेला उभे राहून पाहणाऱ्याला चाकाच्या रिमपर्यंतचे पाणी दिसते, आणि मध्यावर ते बॉनेटला लागते. सानपाड्याच्या किंवा अन्य कोणत्याही भुयारी मार्गालाही हेच लागू आहे, आणि भुयारी मार्गासाठी मी खोलीचा हिशेब करायलाच सांगत नाही. पाणी दिसले की परत फिरावे. पावसाचा जोर असेल त्या दिवशी तुम्ही तीन हात नाका, आनंदनगर आणि मुलुंड-ऐरोली पूल असे जावे. वेळ जास्त लागेल, पण पूर्व द्रुतगती मार्ग आणि पूल हा भाग त्या मानाने उंचावर आहे.

भरतीची वेळ बघण्याची सवयही लावून घ्यावी. वाशी, बेलापूर यांसारखे नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत, म्हणून सिडकोने तिथे धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची दारे मिटतात आणि ओहोटी लागेपर्यंत पावसाचे पाणी तलावात थांबते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हे पाणी रस्त्यावर राहते. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे अतिमुसळधार. असा इशारा आणि मोठी भरती एकाच दुपारी असतील, तर कार्यालयातून एक तर भरतीच्या बऱ्याच आधी निघावे किंवा पाणी ओसरल्यावर.

भरतीचा मुद्दा आणखी एका कारणाने गंभीर आहे. खाडीचे पाणी खारट असते, आणि समुद्राच्या पाण्यातून वीज नळाच्या पाण्याच्या साधारण शंभरपट सहज वाहते. पावसाच्या पाण्यात काही वेळ उभी राहिलेली गाडी आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान चक्रीवादळाचा तडाखा बसला, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना पाणी ओसरून कित्येक दिवस झाल्यावर आगी लागल्या. पॅकमध्ये शिरलेले खारे पाणी वाळते आणि मागे राहिलेल्या क्षारांतून सेलच्या जोडण्यांमध्ये वीज वाहू लागते, हे त्याचे कारण. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल असतात आणि ते उष्णता अधिक सहन करतात, पण क्षारांमुळे होणारे शॉर्ट सर्किट त्यांनाही चुकत नाही. खाडीलगतच्या पार्किंगमध्ये गाडी पॅकच्या वरपर्यंत बुडाली असेल, तर ती सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये, आणि क्रेनने काढून इमारतीपासून व इतर गाड्यांपासून पंधरा मीटर तरी दूर, उघड्यावर ठेवावी. तिच्यातून फसफस, तडतड असा आवाज किंवा गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तर जवळ न जाता १०१ किंवा ११२ वर फोन करून गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

रस्त्यावर पाणी आहे आणि जाणे भागच आहे, असे झाले तर पाण्यात उतरण्याआधी एसी बंद करावा. एसी चालू असेल तर पुढचा पंखा कधीही फिरू लागतो, आणि पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची पाती तुटतात किंवा त्याची मोटर जळते. पुढची काच चार बोटे खाली घ्यावी. बारा व्होल्टचा पुरवठा गेला तर काच खाली होणार नाही आणि काही गाड्यांचे दाराचे हँडलही विजेवर चालते. आतून दार उघडण्याची यांत्रिक कळ कुठे आहे ते पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे आणि घरच्यांनाही दाखवावे. ब्रेकबरोबर वीज परत घेणारी रीजन पातळी सर्वांत कमी ठेवावी, नाहीतर पेडलवरचा पाय जरा हलला की गाडी मंदावते, आणि पाण्यात वेग वरखाली होणे बरे नाही. माणूस चालतो त्या वेगाने, एकसारखे जावे. पुढची गाडी पलीकडे पूर्ण निघाल्याशिवाय आपली घालू नये, म्हणजे मधेच उभे राहण्याची वेळ येत नाही. रस्त्याच्या मधल्या उंच भागातून जावे. कडेला गटारे असतात आणि पाणी जावे म्हणून कोणी झाकण काढून ठेवलेले असण्याची शक्यता असते.

मध्यावर असताना इन्सुलेशनचा (वीज बाहेर गळू न देणाऱ्या आवरणाचा) किंवा वीजयंत्रणेचा इशारा आला आणि गाडी चालत असेल, तर तिथेच बंद करू नये. अनेक गाड्या अशा दोषात चालू फेरी पुरी करू देतात, पण बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. सावकाश कोरड्या जागी न्यावे आणि मग बंद करावे. गाडी पाण्यातच थांबली तर वारंवार स्टार्ट दाबत बसू नये. पाणी दाराच्या वर चढत असेल तर गाडीचा मोह सोडून काचेतून बाहेर पडावे.

विजेच्या धक्क्याची भीती बहुतेकांना वाटते तेवढी गाडीकडून नसते. उच्च दाबाच्या मंडलाची धन आणि ऋण अशी दोन्ही टोके गाडीच्या सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असतात. त्यामुळे एका ठिकाणी इन्सुलेशन गेले तरी माणसाच्या अंगातून वीज वाहण्यासाठी मार्ग पुरा होत नाही. गाडी हे इन्सुलेशन स्वतः तपासत राहते. डीसी मंडलात इन्सुलेशनचा रोध दर व्होल्टला किमान शंभर ओहम असावा ही मानकाची अट आहे, म्हणजे ३५० व्होल्टच्या पॅकला ३५ किलोओहम, आणि सुस्थितीतल्या गाडीचे वाचन याच्या कितीतरी वर असते. गाडी बंद केली की पॅकमधले कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज तोडणारे मोठे स्विच, उघडतात आणि विजेचा दाब पॅकच्या आतच राहतो. तुटलेल्या नारिंगी वायरला हात लावू नये एवढे पथ्य पुरे. खरा धोका रस्त्यावरचे दिव्याचे खांब, पाण्यात बुडालेल्या फीडर पेट्या आणि तुटून पडलेल्या तारा यांचा असतो. गाडीतून उतरून पाण्यातून चालताना लोखंडी खांबाचा आधार घेऊ नये. तार पडलेली दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवावे, आणि ती गाडीवरच पडली असेल तर मदत येईपर्यंत आतच बसावे.

पाण्यातून बाहेर आल्यावर पहिले काम ब्रेकचे. इलेक्ट्रिक गाडी बहुतांश वेळ मोटरनेच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकचे पॅड डिस्कला टेकतच नाहीत, डिस्क ओली राहते आणि तिच्यावर गंज चढतो. रीजन शून्यावर ठेवून, मागे कोणी नाही असे पाहून, हलका ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, पकड परत आल्याची खात्री झाली की मगच वेग घ्यावा. घरी पोचल्यावर चारही बाजूंच्या गालिच्याखाली हात घालून पाहावे. वरून चाचपणे पुरेसे नाही, वरचे उदाहरण आठवावे. ओल लागली तर गालिचा आणि फोम सुटे करून वाळवावेच लागतात, नुसता पंखा लावून भागत नाही. तळावरचा चिखल साध्या नळीच्या पाण्याने धुवावा. गाडी धुणाऱ्याकडचा प्रेशर पंप पॅकच्या कडेवर, कनेक्टरवर किंवा चार्जिंगच्या झाकणावर मारू देऊ नये, कारण आयपी ६७ मध्ये त्या फवाऱ्याची हमी नाही हे वर आलेच आहे. चार्जिंगची जागा कोरड्या फडक्याने पुसून, झाकण काही वेळ उघडे ठेवून, आत थेंब दिसत नाही याची खात्री करूनच प्लग लावावा.

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागले असेल तर आठवड्याच्या आत गाडी कार्यशाळेत दाखवावी, दिवा लागो अथवा न लागो. तिथे मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने, इन्सुलेशनचे वाचन घ्यायला सांगावे आणि तो आकडा जॉबकार्डवर लिहून घ्यावा. मेमध्ये एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा असे वाचन घेतले, तर इन्सुलेशन घसरते आहे का हे इशारा येण्याच्या कितीतरी आधी कळते. मी माझ्या सर्व ग्राहकांना हे करायला लावतो. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ झाले आहे का, बेअरिंगला घरघर आहे का, खालच्या प्लास्टिक गार्डमध्ये चिखल आणि पिशव्या अडकल्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. गाडी चालत नसेल तर ती सपाट ट्रकवरच न्यावी. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरत ठेवून ओढली तर कायमचुंबकी मोटर फिरते, वीज निर्माण करते आणि मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर जाऊ शकतो.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते, पण बुडालेली गाडी चालकाने सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले पुढचे नुकसान कंपनी नाकारू शकते. म्हणून पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत आणि स्टार्टला हात न लावता आधी कंपनीला कळवावे. दुसरे, पेट्रोल गाडीसाठी घेतले जाणारे इंजिन संरक्षण इलेक्ट्रिक गाडीच्या मोटर व बॅटरीला आपोआप लागू होते असे समजू नये. बॅटरीसाठी वेगळे पूरक संरक्षण मिळते, त्यात पाण्याने झालेले नुकसान स्पष्ट लिहिले आहे का ते वाचूनच सही करावी.

तुम्ही विचारले नाही, पण माझ्या अनुभवात इलेक्ट्रिक गाड्यांचे सर्वांत मोठे नुकसान रस्त्यावर होत नाही, तळघरातल्या पार्किंगमध्ये होते. रस्त्यावर गाडी पाण्यात काही मिनिटे असते. तळघरात पंप बंद पडला तर ती रात्रभर छातीभर पाण्यात उभी राहते, आणि त्यासाठी कोणताही पॅक बनवलेला नसतो. घोडबंदरच्या बऱ्याच नव्या संकुलांत दोन-दोन मजली तळघरे आहेत. लाल इशाऱ्याच्या रात्री गाडी पोडियमवर किंवा उंच रस्त्यावर आणून ठेवावी, आणि तळघरात पाणी शिरू लागल्यावर ती काढायला खाली उतरू नये. भिंतीवरचा चार्जर, त्याचा एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी हे सगळे तळघरातल्या जुन्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवून घ्यावे, आणि त्या लाइनचा मुख्य स्विच तळमजल्यावर, पहारेकऱ्याला बंद करता येईल अशा जागी असावा. सोसायटीच्या सभेत हा विषय एप्रिल-मेमध्येच काढावा, कारण एकदा पाऊस लागला की वायरमन मिळत नाही आणि भिंत ओली असल्यामुळे ते काम तेव्हा करूही नये.